एका घोटात चार गोळ्या

मुळशी खोऱ्यातल्या एका गावात आमचा प्रौढांचा वर्ग भरतो. रात्रीची जेवणे उरकली की बाया मारुतीच्या देवळात जमतात. दिवसभर खाचरात राबलेल्या असतात. तरी येतात.

एका रात्री आम्ही म्हटले, "उद्या घरात जो छापील कागद सापडेल तो घेऊन या. त्यावरची अक्षरे वाचू." दुसऱ्या दिवशी कोणी विजेचे बिल आणले, कोणी लग्नाची पत्रिका आणली. एका मावशींनी औषधांची पिशवीच आणली. ती सतरंजीवर पालथी केली. चार तऱ्हेच्या गोळ्या निघाल्या आणि एक पुडी निघाली.

पाकिटांवरची नावे इंग्रजीत होती. आम्ही ती फळ्यावर मराठीत लिहिली आणि बायांनी वाचली. पहिली गोळी थायरॉईडची. दुसरी लोहाची, म्हणजे रक्तवाढीची लाल गोळी. तिसरी कॅल्शियमची, हाडांसाठी. चौथी केस गळतात म्हणून सुनेने दुकानातून आणलेली. पुडी होती 'ड' जीवनसत्त्वाची.

मावशी म्हणाल्या, "दीड वरीस झालं गोळ्या घेतेय. पर थायराईडचा आकडा काय खाली येईना. दोन बारीला डागदरनं गोळी वाढवली. तरी अंग जडच. आता सोडूनच देनार हाय."

"मावशी, गोळ्या घेता कशा?"

"सकाळी च्याबरोबर. समद्या येकदम. एका घोटात काम!"

सगळ्या बाया हसल्या. गावच्या आशाताई वर्गात बसल्या होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मावशी, गोळी वाईट नाही. तिची वेळ चुकलीय."

त्या रात्री आमचा धडा तोच झाला. पुढच्या दोन-तीन रात्रीही त्याच बोलण्यात गेल्या. ते सगळे इथे लिहून काढतो. कारण अशी पिशवी आता पुष्कळ घरांत असते. भारतातल्या आठ शहरांत, त्यांत आपली मुंबईही होती, मोठ्या माणसांची रक्ततपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली छापले गेले. त्यात दर शंभर माणसांत सुमारे अकरा जणांचा थायरॉईड मंद आढळला. बायांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त असते. पण पुरुषांनाही हा आजार होतो. तेव्हा बाप्यांनीही पुढचे वाचावे.

मानेतली ग्रंथी

गळ्यावर बोट ठेवा. घाटीच्या थोडे खाली एक लहान मऊ ग्रंथी आहे. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आहे. तिलाच थायरॉईड म्हणतात. तेव्हा 'मला थायरॉईड झाला' हे बोलणे तसे बरोबर नाही. थायरॉईड प्रत्येकालाच असतो. तो नीट चालतो की नाही, एवढाच प्रश्न.

ही ग्रंथी एक रस तयार करते आणि रक्तात सोडते. चुलीत जाळ हवा तेवढा असला की भाकरी नीट भाजते. जाळ मंद झाला की भाकरी कच्ची राहते, भात शिजत नाही, सगळा स्वयंपाक रखडतो. या रसाचे काम त्या जाळासारखे आहे. रस कमी पडला की सगळे शरीर मंदावते. अंग जड होते. थोडे खाऊनही वजन वाढते. दुसऱ्यांना उकडत असते आणि आपल्याला थंडी वाजते. शौचाला साफ होत नाही. कातडी कोरडी पडते, केस गळतात, तोंड सुजल्यासारखे दिसते, आवाज घोगरा होतो. विसरायला होते. मन उदास राहते. बायांना पाळी फार जाते किंवा मागे-पुढे होते.

ही लक्षणे हळूहळू येतात. घरची माणसे म्हणतात, 'आळशी झालीय.' बाईलाही तसेच वाटू लागते. हे बोलणे आम्ही पुष्कळ घरांत ऐकले आहे आणि ते आम्हाला मुळीच आवडत नाही.

आता मावशींच्या आकड्याकडे येऊ. थायरॉईडच्या तपासणीच्या कागदावर 'टी.एस.एच.' अशी तीन अक्षरे असतात. हा आकडा वाढला की लोकांना वाटते, थायरॉईड वाढला. खरे उलटे आहे. मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती मुकादमाचे काम करते. मानेतली ग्रंथी कामात मागे पडली की मुकादम ओरडतो, 'अरे, चला, हात चालवा.' ग्रंथी जितकी मागे पडते तितका तो मोठ्याने ओरडतो. टी.एस.एच. म्हणजे त्या मुकादमाचे ओरडणे. आकडा मोठा म्हणजे ग्रंथी मंद. गोळी नीट लागू झाली की मुकादमाचा आवाज खाली येतो.

ग्रंथी मंद का पडते? पूर्वी मोठे कारण होते आयोडीन. आयोडीन हे एक क्षार-द्रव्य आहे. ते मातीतून पिकात आणि पिकातून पोटात येते. डोंगराळ मुलखात मुसळधार पाऊस पडतो आणि मातीतले आयोडीन धुऊन नेतो. ते मिळाले नाही तर ग्रंथी फुगते आणि गळ्याला गाठ दिसते. तो गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात घरोघर असे गळे होते. तिथे १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सोबत्यांनी मिठात आयोडीन घालून लोकांना द्यायला सुरुवात केली. गलगंड कमी झाले. १९६२ पासून सरकारने देशात तशी मोहीम काढली. आता खाण्यासाठी विकायचे मीठ आयोडीनचे असावे असा कायदाच आहे. पण गुरांसाठी आणलेले खडेमीठ पुष्कळ घरांत लोणच्यात, मासळीत आणि कालवणातही पडते. त्यात आयोडीन असेलच असे नाही. मिठाचे पाकीट घेताना ते फिरवून पाहावे. 'आयोडीनयुक्त' हा शब्द वाचावा. आता वाचता येते ना? मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे, चुलीजवळ उघडे ठेवू नये. उघडे राहिले की आयोडीन उडून जाते.

आज आपल्याकडे जे मोठे लोक थायरॉईडची गोळी घेतात, त्यांतल्या पुष्कळांचे कारण मात्र वेगळे असते. शरीरात रोगाशी लढणारी एक शक्ती आहे. तिला आपण राखणीचा कुत्रा म्हणू. कधीकधी हा कुत्रा चुकतो आणि घरच्याच माणसाला चावतो. तो थायरॉईडला चावत राहतो आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जपानातले डॉक्टर हाशिमोटो यांनी हा आजार १९१२ साली प्रथम लिहून ठेवला. म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. अशा माणसाने जास्त मीठ खाल्ले किंवा आयोडीनची औषधे घेतली तर ग्रंथी सुधारत नाही. उलट बिघडू शकते. ज्यांचा रस कायमचा कमी पडला, त्यांना तो बाहेरून द्यावा लागतो.

हा शोधही ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडात १८९१ साली डॉक्टर मरे यांच्याकडे एक बाई आली. वय ४६. अंग सुजलेले, बोलणे जड. डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून तिला टोचला. बाई सुधारली. पुढे ती तो अर्क पोटात घेऊ लागली आणि आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या म्हणतात. वर्गातल्या एका आजींनी लगेच विचारले, "मग या गोळीत मेंढी हाय का?" नाही. आताची गोळी कारखान्यात तयार होते. आपली ग्रंथी करते तोच रस, पण माणसाने बनवलेला.

थकवा सगळा थायरॉईडचाच नसतो

आता मावशींच्या बाकीच्या गोळ्यांकडे वळू. थायरॉईड मंद असला की माणूस प्रत्येक दुखणे त्याच्याच खात्यावर मांडतो. पण थकवा आणणारे आणखी तिघे आहेत, आणि ते पुष्कळदा थायरॉईडच्या जोडीनेच घरात शिरतात. रक्तातले लोह, बी-बारा जीवनसत्त्व आणि 'ड' जीवनसत्त्व. (लोह हे काही जीवनसत्त्व नव्हे, ते खनिज आहे. पण गोळीच्या पिशवीत ते शेजारी-शेजारीच असतात.)

लोहाचे आणि थायरॉईडचे नाते रहाटगाडग्यासारखे आहे. थायरॉईड मंद झाला की पाळी जास्त जाते. रक्त गेले की लोह गेले. आणि थायरॉईडला आपला रस तयार करायला लोहच लागते. म्हणजे लोह कमी, की ग्रंथी आणखी मंद. एकाने दुसऱ्याला खाली ओढायचे, असे चालते. देशभर २०१९ ते २०२१ या काळात जी कुटुंब आरोग्याची पाहणी झाली, तीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. मोठ्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर रक्त कमी आहे असे समजतात. गरोदर बाईला ही रेघ ११ ची, पुरुषाला १३ ची. चढावर दम लागणे, छातीत धडधडणे, पापणीच्या आत फिकट दिसणे, माती किंवा कोळसा खावासा वाटणे, ही त्याची खूण.

बी-बारा हे जास्त समजून घेण्याजोगे आहे, कारण ते आपल्या पुणे भागाचेच दुखणे आहे. हे जीवनसत्त्व भातात नाही, भाकरीत नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही. ते फक्त जनावरापासून आलेल्या अन्नात असते. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण. अंगाला लागते ते अगदी थोडे. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यांतले दोन-अडीच भाग. पण तेवढेही मिळाले नाही तर रक्त नीट बनत नाही, आणि नसाही खराब होतात. पायाला मुंग्या येतात, तळपाय बधिर होतो, अंधारात चालताना तोल जातो, जीभ लाल गुळगुळीत होते, विसरायला होते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. काही पुण्याजवळच्या खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरातल्या मध्यम घरांतले. निष्कर्ष २००६ साली छापले. शंभरात सदुसष्ट जणांना बी-बारा कमी होते. आणि सगळ्यांत जास्त कमी कोणाला? शहरातल्या मध्यम घरांतल्या पुरुषांना, शंभरात एक्याऐंशी जणांना. पैसा असला म्हणून बी-बारा येत नाही.

आमच्या मुळशीत गाई-म्हशी आहेत. पण दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. चहातल्या दोन चमचे दुधाने काय होणार? पेलाभर दूध किंवा वाटी-दोन वाटी दही रोज पोटात गेले तर खूप फरक पडतो. डेअरीचा हिशेब आम्हालाही कळतो. त्या पैशावर घर चालते. पण घरातली बाई शेवटी जेवते आणि तिच्या ताटात दही येत नाही, हे आम्ही पाहिले आहे. जे खातात त्यांनी अंडी, धरणातले मासे, पावसाळ्यातले खेकडे, बाजारातले सुके बोंबील खावेत. सुक्या बोंबलात बी-बारा आहे, आणि समुद्राची मासळी म्हणून आयोडीनही आहे. त्यात मीठ मात्र फार असते. रक्तदाब असेल त्यांनी बेताने खावे. ज्यांनी माळ घातली आहे त्यांनी माळ उतरवावी असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी दुधा-दह्याकडे जास्त लक्ष द्यावे, आणि डॉक्टर सांगतील तर बी-बाराची गोळी घ्यावी.

एक गोष्ट मात्र अन्नाने सुटत नाही. मघाशी राखणीचा कुत्रा सांगितला. ज्यांच्या थायरॉईडला तो चावतो, त्यांतल्या काहींच्या जठराच्या आतल्या पडद्यालाही चावतो. मग दूध प्या, मासे खा, बी-बारा अंगात शिरतच नाही. त्यांना ते इंजेक्शनातून किंवा मोठ्या मात्रेच्या गोळीतून द्यावे लागते. म्हणून थायरॉईडच्या माणसाच्या पायाला मुंग्या येत असतील तर त्याने ते डॉक्टरला आवर्जून सांगावे. साखरेच्या आजाराची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे, आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचे बी-बाराही कमी होते. पित्ताच्या गोळीने थायरॉईडची गोळीही नीट जिरत नाही.

इथे मुंबईची एक जुनी हकिकत सांगितली पाहिजे. लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते. तेही एक जीवनसत्त्व आहे. त्याचा माग मुंबईतच लागला. इंग्लंडच्या डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि काही दगावत. त्या काय खातात हे विल्सबाईंनी पाहिले. पुढे त्यांना यीस्टचा, म्हणजे आंबवण्याच्या किण्वाचा, साधा अर्क दिला आणि बाया बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे छापले. त्या अर्कात जे होते ते फॉलिक ॲसिड. पालेभाजीत ते भरपूर असते. पावसाळ्यातला टाकळा, अळू, शेवग्याचा पाला, या आपल्या भाज्या या कामी चांगल्या.

पण त्यात एक खाचही आहे. बी-बारा कमी असलेल्या माणसाने नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, आणि नसांची खराबी आत चालूच राहते. कागदावर आकडा चांगला, पाय मात्र बधिर. म्हणून लाल गोळी बंद करू नका. ती हवीच. पण पायाच्या मुंग्या लपवू नका.

'ड' जीवनसत्त्व ऊन देते. कातडीवर ऊन पडले की ते अंगातच तयार होते. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला उन्हाची काय वाण? मुळशीला आहे. जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. लावणीच्या वेळी डोक्यावर इरले किंवा प्लास्टिक, अंगभर लुगडे. ज्या बाया घरातच असतात त्यांचे तर सांगायलाच नको. हे कमी पडले की कंबर, मांड्या, हाडे दुखतात, बसले की उठवत नाही. उघडीप असेल तेव्हा दुपारच्या सुमारास तोंड, हात, पाय उघडे ठेवून वीस मिनिटे, अर्धा तास उन्हात असावे. आणि पुडी मिळाली असेल तर ती *आठवड्यातून एकदाच* घ्यायची, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. तीत साठ हजार एकक औषध असते. कोणी 'गुण येतोय' म्हणून रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडे बिघडतात. आठवडी बाजाराचा दिवस ठरवून टाकावा. बाजार आला, पुडी घेतली.

गोळी कशी घ्यायची

मावशींचे काय चुकले ते आता सांगता येईल. थायरॉईडची गोळी फार नाजूक. पोटात लोह किंवा कॅल्शियम असले की ते तिला धरून ठेवते, आणि ती रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. चहा, कॉफी, दूध, न्याहारी यांनीही ती पुरती जिरत नाही. मावशींची गोळी दीड वर्ष पोटात जात होती, पण अंगात थोडीच जात होती. आकडा खाली येईना म्हणून मात्रा वाढवली. वाढवलेली मात्राही तशीच वाया गेली. 'कशी घेता' हे कोणी विचारले नाही, आणि मावशींनी सांगितले नाही.

आशाताईंनी फळ्यावर असे लिहून दिले. पहाटे उठल्यावर, अनशापोटी, थायरॉईडची एकटी गोळी साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास, जमल्यास एक तास, काही नाही. चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर चार तास तरी नको. लोहाची गोळी दुपारी, जेवणानंतर तासा-दोन तासांनी, लिंबाच्या किंवा आवळ्याच्या पाण्याबरोबर. आंबटाने लोह जास्त जिरते, आणि चहाने कमी जिरते, म्हणून तेव्हाही चहा लांब ठेवायचा. कॅल्शियम रात्री जेवताना. लोह आणि कॅल्शियम हेही एकमेकांचे वैरी, त्यांना एकत्र घेऊ नये. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये.

"पहाटे धारा काढायच्या, चूल पेटवायची, मग गोळी ध्यानात कशी राहनार?" एका बाईने विचारले. प्रश्न खरा आहे. गोळीची डबी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवावी. चूळ भरली की गोळी, मग धारा. धारा काढून होईतो अर्धा तास जातोच. ज्यांना पहाटे जमतच नाही त्यांनी डॉक्टरला विचारून रात्री निजताना घ्यावी, पण जेवून तीन तास झालेले असावेत. वेळ एकच ठेवावी. आज पहाटे, उद्या रात्री असे नको. आणि डबी चुलीवरच्या फळीवर ठेवू नये. धग आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही गोळीला वाईट.

एकट्या बी-बाराच्या गोळीचे थायरॉईडच्या गोळीशी भांडण नाही. पण ताकदीच्या म्हणून ज्या मिश्र गोळ्या मिळतात, त्यांत लोह आणि कॅल्शियम दडलेले असते. त्या चार तास लांबच.

सुनेने आणलेल्या केसांच्या गोळीची गंमत वेगळी. तीत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व होते. ते जास्त घेतले तर रक्ततपासणीचे यंत्र फसते. थायरॉईडचा आकडा खोटा येतो, आणि त्या खोट्या आकड्यावर औषध कमी-जास्त होते. म्हणून तपासणीच्या आधी निदान दोन दिवस ती बंद ठेवावी आणि डॉक्टरला सांगावे. मावशींचे केस थायरॉईडने आणि लोहाच्या कमतरतेने गळत होते. त्या गोळीचे पैसे वाया गेले असेच आम्हाला वाटते.

कोबी, फुलकोबी खावी का, हेही पुष्कळजणी विचारतात. शिजवून, रोजच्या जेवणात जितकी असते तितकी खावी. काही होत नाही. भाजी सोडून गोळीची वेळ चुकवण्यापेक्षा भाजी खाऊन गोळी वेळेवर घेतलेली बरी.

गरोदर बाईला थायरॉईडची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचे कळताच तिने डॉक्टरकडे जावे. पहिले काही महिने बाळाचा मेंदू आईच्याच रसावर वाढतो. तिला बहुधा जास्त मात्रा लागते. गोळी बंद तर कधीच करू नये. आणि गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून लाल गोळी आणि दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. तिने कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावे, लाल गोळी दुपारी चारच्या सुमारास, आणि थायरॉईडची पहाटे एकटी.

मावशींना आशाताई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेल्या. वेळ बदलायची तर डॉक्टरला सांगूनच बदलावी, कारण गोळी आता पुरती जिरणार आणि वाढवलेली मात्रा जास्त होऊ शकते. तशी ती जास्त झाली तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप जाते. डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली आणि दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितले. मात्रा किंवा वेळ बदलली की सहा ते आठ आठवडे थांबावेच लागते. मुकादमाचा आवाज एका रात्रीत खाली येत नाही.

दोन महिन्यांनी मावशी कागद घेऊन वर्गात आल्या. आकडा त्यांनी स्वतः वाचला. तो खाली आला होता. अंग हलके झाले होते, शौचाला साफ होत होते. पायाच्या मुंग्या मात्र तशाच होत्या. त्या थायरॉईडच्या नव्हत्याच. त्यांच्या घरी माळ आहे, मासे-अंडी नाहीत, आणि दूध सगळे डेअरीला. बी-बाराची तपासणी केली, तर ते कमी निघाले. आता त्यांची इंजेक्शने चालू आहेत. मुंग्या जायला वेळ लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि सगळ्या जातीलच असेही नाही, कारण दुखणे जुने आहे.

त्यांनी मुलाला सांगून रोजचे एक लिटर दूध घरात ठेवायला लावले आहे. दाराच्या मागे एक कागद चिकटवला आहे. अक्षर त्यांचेच आहे, थोडे वाकडे. 'पहाट – थायरॉईड, पानी. दुपार – लाल, लिंबू. रात – क्यालशियम. बाजार – पुडी.'

'क्यालशियम' आम्ही दुरुस्त केले नाही.